विघटनशील पॅकेजिंगवाल्या कंपन्यांचे शेअर: कोणी हा धंदा आतून पाहिलाय का?

निळीशाई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

गेल्या दोन वर्षांत मी तीन कंपन्यांचे शेअर थोडे थोडे करून घेतले. तिन्ही पॅकेजिंगमधल्या. पहिली कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या आणि फिल्म बनवते, दुसरी लगद्याच्या साच्यातली ताटं, डबे, झाकणं, आणि तिसरी या सगळ्याला लागणारा कच्चा माल स्वतःच बनवणार म्हणते. 'बनवणार' हा शब्द तिच्या अहवालात फार वेळा येतो. तिन्हींत मिळून माझ्या बचतीतला साधारण विसावा हिस्सा आहे. बुडाला तर जेवण सुटणार नाही, पण चुटपुट लागून राहील एवढा.

घेताना हिशेब सरळ होता. प्लास्टिकवर जगभर बंधनं येताहेत, म्हणजे पर्याय बनवणाऱ्यांचे दिवस येणार. तिघींच्याही सादरीकरणात पहिल्या पानावर समुद्रातलं कासव आणि दुसऱ्या पानावर आभाळाला भिडायला निघालेला आलेख. मी भुलले, कबूल आहे.

आता शंका यायला दोन कारणं झाली. एक म्हणजे पहिल्या कंपनीची पिशवी मुद्दाम मिळवली आणि गॅलरीतल्या कुंडीत पुरली. आठ महिन्यांनी उकरली. माती झटकली तर अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, 'मी मातीत मिसळून जाते' हे वाक्यसुद्धा. दुसरं कारण म्हणजे विक्री दर वर्षी वाढते आणि नफा मात्र दर वर्षी 'नवी लाइन सुरू झाली की' येणार असतो. शेअर मी घेतला त्याच्या निम्म्याखाली आलाय.

तर कंपनी खोटं बोलतेय, की धंदाच असा आहे? 'घ्या' किंवा 'विका' असा सल्ला नकोय. हा माल ज्यांनी हाताळलाय त्यांनी बोलावं अशी इच्छा आहे.

वाटसरू२

कासव दिसलं की मी अहवाल मिटतो.

तीन कंपन्या घेतल्यात म्हणून जोखीम तीन ठिकाणी विभागली असं समजू नका. कच्चं तेल स्वस्त झालं की साधं प्लास्टिक आणखी स्वस्त होतं आणि तिन्हींचे ग्राहक एकाच आठवड्यात 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणतात. बाकी जाणकार सांगतील.

रिवाइंडर

आतून पाहिलंय. अकरा वर्षं फिल्मच्या कारखान्यात काढली, त्यातली शेवटची पाच कंपोस्टेबल पिशव्यांच्या लाइनवर. याच क्षेत्रातल्या एका कंपनीचे शेअरही घेतले होते आणि हात चांगलाच पोळून घेतलाय. तेव्हा ताई, दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी कुंडी. कंपनी खोटंच बोलतेय असं लगेच म्हणू नका. पिशवीवर बारीक अक्षरात ईएन १३४३२ (युरोपचं मानक) किंवा एएसटीएम डी६४०० (अमेरिकेचं) असं छापलंय का बघा. असेल तर ती औद्योगिक कंपोस्टसाठी आहे. म्हणजे ५८ अंशांच्या आसपास तापलेला मोठा ढीग, ओलावा, खेळती हवा, वरचेवर उलटापालट. ईएन १३४३२ प्रमाणे १२ आठवड्यांत मालाचा ९० टक्के भाग २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडावा लागतो, आणि सहा महिन्यांच्या आत ९० टक्के जैविक विघटन दिसावं लागतं. तुमच्या कुंडीत ५८ अंश झाले तर पिशवीआधी झाड जाईल. घरगुती कंपोस्टचं प्रमाणपत्र वेगळं असतं, पण त्याच्यावरही डोळे मिटून विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने लोकांच्या घरच्या कंपोस्टमध्ये करवून घेतलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. 'घरी कंपोस्ट होतं' असं प्रमाणित केलेलं ६० टक्के प्लास्टिक पूर्ण मोडलंच नव्हतं.

शब्दांचा घोळही पक्का लक्षात ठेवा. वनस्पतीपासून केलेलं आणि कुजणारं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिएथिलीन, म्हणजे नेहमीच्या पिशवीचं प्लास्टिक, करते, ते साध्या पॉलिएथिलीनसारखंच वर्षानुवर्षं टिकतं. उलट पीबीएटी नावाचं लवचिक प्लास्टिक बहुतांशी पेट्रोलियमपासून होतं आणि व्यवस्थित कुजतं. तुमच्या पहिल्या कंपनीच्या फिल्ममध्ये पीबीएटीच जास्त असणार, त्यात थोडं पीएलए (मका-उसासारख्या पिकांच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक) किंवा स्टार्च. बातमीत ज्या कंपनीला सरसकट 'हिरवी' म्हणतात ती यातली नेमकी कुठली, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

पण खरं सांगू का, पिशवी कुजते की नाही यावर तुमचे पैसे ठरत नाहीत. ते लाइनवर ठरतात, आणि लाइनवर काय होतं ते सादरीकरणात येत नाही.

वजनापासून धरा. साध्या पिशवीच्या पॉलिएथिलीनची घनता ०.९२ च्या आसपास, पीबीएटी आणि पीएलएची १.२५ च्या आसपास. दाणा, म्हणजे कच्चं प्लास्टिक, किलोवर विकत घेतात, पिशवी नगावर विकतात. त्याच मापाची, तेवढ्याच मायक्रॉनची पिशवी काढायला एक तृतीयांशाहून जास्त वजन जातं. म्हणजे किलोचा भाव उद्या सारखा झाला तरी पिशवी महागच पडणार, आणि भाव सारखा नसतोच. हे गणित मी आमच्या मालकांना पहिल्या आठवड्यात फळ्यावर मांडून दाखवलं होतं. ते म्हणाले, मायक्रॉन कमी करा. केले. मग तळाचं सील फाटायला लागलं.

पुढचा शत्रू ओलावा. पीएलएचा दाणा हॉपरमध्ये जाण्याआधी इतका वाळवावा लागतो की पाण्याचं प्रमाण एक लाखात २५ भागांच्या खाली यावं. पोतं फोडून पावसाळी हवेत तासभर उघडं ठेवलं की संपलं. दाणा वितळवणाऱ्या एक्स्ट्रूडरच्या उष्णतेत ते पाणी प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं, आणि वितळलेला माल हवेने फुगवून फिल्म काढतात तो फुगा डुलायला लागतो आणि फुटतो. लाइन मध्येच बंद पडली तर बॅरलमधला माल नुसता बसून खराब होतो. साध्या दाण्यावरून या दाण्यावर यायचं तर आधी बॅरल धुऊन काढायचं, म्हणजे दोन-तीन तास निव्वळ भंगार. साध्या प्लास्टिकचं भंगार परत दळून वापरतात. हे दळून फार वेळा चालत नाही, दर फेरीला कमजोर होतं.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे माल गोदामात म्हातारा होतो. कुजणं हाच त्याचा गुण आहे, तो गुण गोदामात सुट्टी घेत नाही. आमच्याकडे एका मोठ्या ग्राहकाने रोल बनवून घेतले आणि उचललेच नाहीत. आज नेतो, उद्या नेतो करत चौदा महिने गेले. मग ट्रक आला. मी पहिला रोल रिवाइंडरवर, म्हणजे रोल उलगडून पुन्हा गुंडाळणाऱ्या मशिनवर, चढवला आणि उलगडतानाच आवाज बदलला होता. नवी फिल्म सळसळते, ही करकरत होती. पिशवी वेगळी करून तळाशी बोट दाबलं, तर वाळक्या पानासारखी चिरली. अख्खा लॉट नाकारला गेला. तो माल चौदा महिने आमच्या ताळेबंदात पूर्ण किमतीने 'साठा' म्हणून उभा होता, हे मला पुष्कळ नंतर, स्वतःचे पैसे घालवल्यावर, वाचता आलं.

माझे पैसे कसे गेले तेही सांगतो, कंपनीचं नाव नाही घेत. तिचा माल उत्तम होता. मी स्वतः तो दाणा चालवला होता, फुगा असा स्थिर की बघत राहावं. माल चांगला म्हणजे शेअर चांगला, असं मी धरून चाललो. तिने क्षमता चौपट करायची घोषणा केली, मी आणखी घेतले. प्रत्यक्षात जुनीच क्षमता निम्मी रिकामी होती. वाढीव लाइनसाठी कर्ज, कर्जासाठी नवे शेअर, नव्या शेअरांनी माझा हिस्सा पातळ. चौपट क्षमतेची बातमी छापून आली त्या दिवशी आमच्याच कारखान्यातून तिला एका पोत्याचीसुद्धा नवी ऑर्डर गेलेली नव्हती, आणि हे मला माहीत होतं! तरीही घेतले. याला काय म्हणायचं ते म्हणा.

म्हणून क्षमता किती टन ते वाचू नका. विकले किती टन, ते शोधा. कंपनी टन सांगत नसेल, तर न सांगणं हेच उत्तर.

ताळेबंद

रिवाइंडर, करकर आवाजाचा किस्सा अफलातून.

मी कारखाना पाहिलेला नाही, कागद पाहतो. निळीशाई, तुमच्या तिसऱ्या कंपनीबद्दल, म्हणजे 'बनवणार'वालीबद्दल, मला जास्त काळजी वाटते. कच्चा माल बनवण्याचं स्वप्न घेऊन बाजारात उतरलेल्यांचा इतिहास बघा.

अमेरिकेतली मेटाबोलिक्स २००६ मध्ये शेअर बाजारात आली. पीएचए बनवायची. हे प्लास्टिक जिवाणू आपल्या पोटात चरबीसारखं साठवतात, त्यांना साखर किंवा तेल खाऊ घालायचं आणि मग ते बाहेर काढायचं. विज्ञान देखणं आहे. एडीएम या धान्यातल्या कंपनीसारखा बलाढ्य भागीदार होता, आयोवात वर्षाला ५०,००० टनांचा कारखाना उभा केला. २०१२ च्या जानेवारीत एडीएमने अंग काढून घेतलं. उत्पादनखर्चाचा भरवसा नव्हता आणि बाजार हवा तसा माल उचलत नव्हता. पुढे कंपनीने पीएचएचा धंदा कोरियाच्या सीजे कंपनीला विकला आणि स्वतः शेतीकडे वळली, नावही बदललं.

इटलीची बायो-ऑन, तीही पीएचएवालीच. एके काळी बाजाराने तिची किंमत एक अब्ज युरोंच्या वर लावली होती. २०१९ च्या जुलैत एका शॉर्ट सेलरने (शेअर पडण्यावर पैसे लावणाऱ्याने) अहवाल काढून तिची विक्री कागदावरचीच असल्याचा आरोप केला, डिसेंबरात न्यायालयाने तिला दिवाळखोर ठरवलं. पाच महिने लागले फक्त.

डॅनिमर सायंटिफिक, पुन्हा पीएचए. २०२० च्या डिसेंबरात स्पॅकच्या, म्हणजे आधीच नोंदणी झालेल्या रिकाम्या कंपनीत विलीन होण्याच्या, मागच्या दाराने न्यूयॉर्कच्या बाजारात आली, दोन-तीन महिन्यांत शेअर गगनाला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. फूटप्रिंट नावाची लगद्याच्या पॅकेजिंगची कंपनी याच दाराने येणार होती, २०२१ च्या शेवटी घोषणा झाली, वर्षभरात करार रद्द. तिथे गुंतवणूकदार वाचले म्हणायचे.

आता चालतंय कुठे ते बघा. पीएलएमधली जुनी आणि मोठी नेचरवर्क्स: कारगिल आणि थायलंडची पीटीटी ग्लोबल केमिकल यांची भागीदारी. थायलंडमधला ७५,००० टनांचा पीएलए कारखाना टोटलएनर्जीज आणि कॉर्बियन यांचा मिळून. इटलीतली नोव्हामोंट २०२३ मध्ये पूर्णपणे एनी समूहात गेली. पीबीएटीचं इकोफ्लेक्स बीएएसएफचं. म्हणजे ज्यांच्याकडे तोटा गिळायला दुसरा धंदा आहे, तेच इथे तग धरून आहेत. आणि त्यांचा शेअर घेतला तर तुम्ही मुळात तेल, धान्य किंवा रसायनं विकत घेता, पॅकेजिंग त्यात चिमूटभर. फक्त याच धंद्यातली, नोंदणीकृत आणि नफ्यातली कंपनी शोधायला जाल तर यादी फार पटकन संपते.

निळीशाई

दोघांचेही आभार. पिशवी पुन्हा काढून बघितली. आहे, ईएन १३४३२ आहे, आणि खाली इतकं बारीक की भिंग लागलं: 'केवळ औद्योगिक कंपोस्टसाठी'. पुढच्या बाजूला मात्र हातभर अक्षरात मातीत मिसळण्याच्या गप्पा. खोटं नाही, पण सोज्वळही नाही.

रिवाइंडर, कायद्याचं काय? बंदी आली की ग्राहकाला घ्यावंच लागेल ना? माझा सगळा डाव त्याच्यावर होता. आणि लगद्याच्या ताटांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. तिथेही दाणा भिजतो का? :)

रिवाइंडर

तिथे सगळंच भिजलेलं असतं, ताई. साच्यावर जो घोल घेतात त्यात ९९ टक्के पाणीच. ते खेचून, दाबून, तापवून काढायचं. लगद्याचा धंदा म्हणजे पाणी वाळवण्याचा धंदा, त्यामुळे या कंपनीच्या अहवालात वीज आणि इंधनाचा खर्च आधी बघा. मला हा धंदा फिल्मपेक्षा बरा वाटतो, कारण कच्चा माल एखाद्या रसायनाच्या भावावर टांगलेला नसतो. पीबीएटीत लागणारं ब्यूटेनडायॉल ताणल्या जाणाऱ्या कपड्यांच्या स्पॅन्डेक्समध्येही जातं. व्यायामाच्या कपड्यांना मागणी आली की आमच्या पिशवीचा दाणा महाग! लगद्याला ही भानगड नाही.

भानगड दुसरी आहे. कागदी लगदा तेल पितो. तेल झिरपू नये म्हणून अनेकांनी वर्षानुवर्षं पीएफएएस नावाच्या गटातलं रसायन घातलं, जे निसर्गात मोडता मोडत नाही. कुजणाऱ्या ताटात न कुजणारं रसायन, असा विनोद. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की तेलरोधक म्हणून वापरली जाणारी ही द्रव्यं तिथे आता अन्नाच्या पॅकेजिंगसाठी विकली जात नाहीत. युरोपच्या नव्या पॅकेजिंग नियमांत ऑगस्ट २०२६ पासून त्यांच्यावर कडक मर्यादा आहे. तेव्हा कंपनीला एवढंच विचारा: पीएफएएसशिवाय गरम तेलकट पदार्थ किती वेळ धरता? उत्तर मिनिटांत द्यायला सांगा, 'पर्यावरणपूरक लेप' अशा शब्दांत नको.

आता कायदा. कायदा या धंद्याचा बाप आहे हे खरं. इटलीने २०११ पासून न कुजणाऱ्या खरेदीच्या पिशव्या बंद केल्या, २०१८ पासून फळं-भाज्यांच्या पातळ पिशव्याही कंपोस्टेबल हव्यात असं केलं. तिथे ओल्या कचऱ्याचं वेगळं संकलन होतं, त्यामुळे कुजणाऱ्या पिशवीला काम मिळालं. पिशवी, कचऱ्याची गाडी आणि कंपोस्टचा कारखाना ही साखळी पूर्ण असली तर जादा पैसे देणारा कोणीतरी सापडतो. एक दुवा तुटला की पिशवी नुसती महाग पिशवी उरते. ओरेगनच्या कंपोस्टवाल्यांनी २०१९ मध्ये चक्क निवेदन काढलं होतं की कंपोस्टेबल पॅकेजिंग आमच्याकडे पाठवू नका, त्याच्याबरोबर साधं प्लास्टिक मिसळून येतं आणि आमचं खत बाटतं. ज्याच्यासाठी बनवलं तोच नको म्हणतोय.

आणि कायदा उलटाही फिरतो. युरोपने २०२१ च्या जुलैत प्लास्टिकच्या स्ट्रॉ, ताटं, चमचे बंद केले, तेव्हा पीएलएच्या स्ट्रॉला सूट मिळाली नाही. कुजणारं असलं तरी प्लास्टिकच, तेही बंद. ऑक्सो म्हणजे तुकडे तुकडे होणारं प्लास्टिक तर सरसकट बाद. ज्यांनी पीएलए स्ट्रॉसाठी मशिन मांडली असतील ते त्या दिवशी बंदीच्या चुकीच्या बाजूला उभे होते. आता नव्या नियमांत २०२८ च्या फेब्रुवारीपासून फळांवरचे चिकट स्टिकर कंपोस्टेबल हवेत असं आहे. ही सक्ती पक्की, म्हणून ऐकायला छान. पण स्टिकर हातात घेऊन बघा, वजन किती? त्यावर ५०,००० टनांचा कारखाना उभा राहत नाही.

ग्राहकाचं मन हा वेगळाच विषय. फ्रिटो-ले कंपनीने सनचिप्सची पीएलएची पिशवी काढली होती. कुजायची, पण हातात घेतली की एवढा आवाज करायची की लोक वैतागले. २०१० मध्ये बहुतेक प्रकारांची ती पिशवी मागे घेतली. एवढी मोठी कंपनी, एवढी चाचणी, आणि कानाचा विचार कोणी केला नाही. मला मात्र तो आवाज आवडला असता, रोल ताजा असल्याची खूण ती.

वाटसरू२

म्हणजे थोडक्यात विकून टाका.

रिवाइंडर

असं मी कुठे म्हटलं? पुठ्ठा, लगदा, फिल्म असे तीन-चार प्रकार करणाऱ्या आणि त्यातला कुजणारा भाग ऑर्डर आल्यावरच चालवणाऱ्या कंपन्या मला पटतात. मी त्यातली एक आजही धरून आहे. 'आम्ही प्लास्टिकचं युग संपवणार' म्हणणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब.

निळीशाई

तीन दिवसांनी परत आलेय. दोन रात्री अहवाल घेऊन बसले, रिवाइंडर यांनी हिस्सा पातळ झाल्याचं सांगितलं होतं म्हणून शेअर मोजले. तिसरीचे शेअर दोन वर्षांत जवळपास दुप्पट झालेत. माझा हिस्सा मी काहीही न करता निम्मा झाला. ती काल विकली, तोट्यात.

दुसरी, लगद्याची, ठेवतेय. इंधनाचा खर्च दिलाय, पीएफएएसवर एक अख्खं पान आहे आणि त्यात मिनिटं दिली आहेत. रिवाइंडर, चाळीस मिनिटं बरी का?

पहिलीत अडकलेय. टन कुठेच दिलेले नाहीत, फक्त क्षमता. आणि साठा: दोन वर्षांपूर्वी ७० दिवसांच्या विक्रीइतका होता, आता १३०. विक्री वाढली म्हणून साठा वाढला असं खाली लिहिलंय. वार्षिक सभेत प्रश्न पाठवता येतो म्हणे. काय विचारू?

रिवाइंडर

चाळीस मिनिटं बरी, कुठल्या तापमानाला ते लिहिलंय का बघा.

पहिलीला एकच विचारा. साठ्यातल्या तयार फिल्मपैकी सहा महिन्यांहून जुनी किती टक्के, आणि तिची किंमत किती कमी करून धरली? दुसरा काही प्रश्न जोडू नका, नाहीतर सोप्याचं उत्तर देतील.

आणि ती पिशवी परत कुंडीत पुरा. उत्तर आधी येतं की पिशवी आधी कुजते, तेही कळेल.

निळीशाई

प्रश्न पाठवला. पिशवीही पुरली, या वेळी छापील बाजू वर ठेवून.